देठाकडची फोड

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी खालच्या मजल्यावरच्या काकूंना गच्चीतल्या वेलावरचा एक दुधी नेऊन दिला. दीड वीत लांब, फिक्या पोपटी रंगाचा आणि इतका कोवळा की अंगावरची बारीक लव अजून हाताला लागत होती. तो त्यांच्या ओट्यावर ठेवताना मी म्हणाले, "काकू, औषधाचा एक थेंब मारलेला नाही. अगदी डोळे झाकून खा." त्यांनी तो दोन्ही हातांत घेऊन पाहिला, कौतुकाने त्यावरून बोट फिरवले आणि मला रिकाम्या हाती पाठवायचे नाही म्हणून वाटीभर कैरीचा तक्कू दिला. दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठच्या सुमारास त्यांना उलट्या सुरू झाल्या. पोटात पीळ पडत होता, हातपाय गार पडले होते, आणि बाणेरहून त्यांची मुलगी येईपर्यंत मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते. रुग्णालयात रक्तदाब बराच खाली गेल्याचे आढळले, सलाइन लावले आणि एक रात्र ठेवून घेतले. "बाहेरचं काही खाल्लं होतं का, आजी?" या डॉक्टरांच्या प्रश्नावर काकूंनी क्षीण आवाजात उत्तर दिले, "नाही हो, सगळं घरचंच."

त्या घरी परतल्या, दोन दिवस पेजेवर राहिल्या आणि सावरल्या. उन्हाळा आहे, वय आहे, काहीतरी बाधले असेल, असे सगळ्यांनी धरून चालले होते. मीही त्यातच होते. तिसऱ्या दिवशी मी आमच्यासाठी ठेवलेला, त्याच वेलावरचा, त्याच दिवशी काढलेला दुसरा दुधी थालिपिठासाठी किसायला घेतला. किसता किसता बोटाला लागलेला रस सहज जिभेवर गेला आणि माझा हात थांबला. कारल्याचा कडूपणा ओळखीचा असतो, तो जेवणातला असतो. हा तसा नव्हता. तो जिभेच्या मागच्या बाजूला जाऊन बसला, घशात उतरला आणि चुळा भरून, गुळाचा खडा खाऊनही कितीतरी वेळ तिथून हलला नाही. किसलेल्या दुधीचे ताट समोर तसेच पडले होते, आणि खाली एका घरात परवा रात्री काय घडले होते ते मला एकदम लख्ख दिसले.

त्याच संध्याकाळी मी काकूंकडे जाऊन सांगून टाकले. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि रागाचा लवलेशही नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "अगं, पहिल्याच घासाला कडू लागली होती भाजी. मला वाटलं, माझंच तोंड कडू झालंय. नव्या गोळ्या सुरू केल्यात ना, त्यांनी होतं तसं. तू एवढ्या मायेनं आणून दिलेला, टाकवेना मला."

त्या वाक्याने मला वर्षभर सोडलेले नाही.

आमची इमारत कर्वेनगरात, चार मजली, जुनी, लिफ्ट नसलेली. गच्चीचा वापर पूर्वी फक्त पापड-सांडगे वाळवायला आणि कोजागरीला व्हायचा. तिथे झाडे लावायची परवानगी मागितली तेव्हा सभेत पहिला प्रश्न ओलीचा निघाला, आणि तो योग्यच होता. त्यामुळे प्रत्येक ड्रम विटांवर चढवला, पाणी जमिनीवर साचणार नाही अशी काळजी घेतली आणि ड्रम उभे केले ते खाली तुळई आहे तेवढ्याच रेषेत. मातीचे ओझे छताला नको म्हणून माती अगदी थोडी वापरायची हे सुरुवातीपासून ठरलेले होते. दोनशे लिटरचा निळा ड्रम आडवा कापून त्याचे दोन भाग करायचे, बुडाला भोके पाडायची, तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर रसवंतीतून आणलेले उसाचे चिपाड, मग पालापाचोळा, मग घरातला ओला कचरा, पुन्हा पालापाचोळा, आणि सगळ्यांवर शेणखत, निंबोळी पेंड आणि मूठ-दोन मूठ माती. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यातल्या रस्त्यांवर पानगळीचे ढीग लागतात आणि सकाळी सकाळी कुठे ना कुठे ते पेटवलेले दिसतात. त्या धुराच्या आधी पोहोचून मी पोती भरून आणते. दोन-तीन महिन्यांत ड्रम अर्ध्यापर्यंत खाली बसतो, आत हात घातला तर ऊब लागते आणि ओंजळीत जे काही येते त्याला पहिल्या पावसाचा वास असतो. आपल्याच घरातून निघालेल्या देठांचे, सालींचे आणि चोथ्याचे हे होते, याचे मला आजही दरवेळी नव्याने आश्चर्य वाटते.

दुधीसाठी मी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे 'सम्राट' हे वाण निवडले होते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बिया रात्रभर भिजवून लावल्या, आठवड्याभरात जाड, मांसल दोन दले वर आली, आणि मार्च उजाडेपर्यंत वेलाने मांडवाची सुतळी धरली होती. वेल वाढताना पाहणे हा वेगळाच अनुभव असतो. त्याचे ताण म्हणजे ते तारेसारखे गुंडाळणारे हात. सकाळी ते हवेत काहीतरी चाचपडत असतात आणि दुपारनंतर पाहावे तर सुतळीला दोन वेढे घालून झालेले असतात. मुख्य वेलाचा शेंडा खुडला की बाजूचे फुटवे येतात आणि मादी फुले बहुतांशी त्या फुटव्यांवर धरतात, हे मी एका शेतकरी मावशींकडून शिकले. हल्ली त्यालाच 'थ्री जी कटिंग' म्हणतात. नाव काही असो, खुडताना मनाला लागतेच.

भोपळ्याच्या कुळातल्या प्रत्येकाचे स्वतःचे घड्याळ असते. लाल भोपळ्याचे मोठे पिवळे फूल पहाटे उमलते आणि दहा वाजेपर्यंत कोमेजायला लागते. कारले आणि घोसाळे सकाळचे, दोडका दिवस कलल्यावरचा, पडवळाची झालरीसारखी फुले रात्रीची. दुधी संध्याकाळचा. उन्हे कलली की दिवसभर पिळून ठेवलेल्या रुमालासारख्या दिसणाऱ्या कळ्या सैल होत जातात आणि अंधार पडताना पाच पाकळ्यांचे पांढरे फूल पूर्ण उघडते. पाकळ्या मलमलीसारख्या चुरगळलेल्या, इतक्या पातळ की मागे बोट धरले तर दिसावे. ही वेळ पतंगांची, रात्रीच्या किड्यांची. पण चौथ्या मजल्याच्या वरच्या गच्चीवर, आजूबाजूला एवढे दिवे असताना, ते येतीलच असे नाही. पहिल्या वर्षी मादी फुलांमागचे इवलेसे दुधी एकामागून एक पिवळे पडून गळून गेले, तेव्हा मला वाटले होते की खत कमी पडले. खत भरपूर होते, फक्त परागकण पोहोचले नव्हते.

तेव्हापासून ते काम मी करते. सात वाजता, भाजी फोडणीला टाकण्याच्या आधी, वर जायचे. नर फूल लांब, सडपातळ देठावर एकटे उभे असते, आणि मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा, पांढऱ्या लवेने मऊ झालेला दुधी आधीपासूनच तयार असतो. नर फूल खुडायचे, त्याच्या पाकळ्या अलगद मागे दुमडायच्या म्हणजे मधला पिवळसर दांडा मोकळा होतो. तो मादी फुलाच्या मधोमध, तीन ठिकाणी फुगलेल्या, किंचित चिकट भागावर हलकेच फिरवायचा, एकदा, दोनदा. अंधारात परागकण दिसत नाहीत, पण बोटाला पिठासारखा स्पर्श कळतो. फूल पुढच्या दिवशी मिटते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तो पेराएवढा दुधी खाली झुकलेला दिसला की समजावे, फळ धरले. त्यानंतर पंधरवड्याच्या आत तो काढणीला येतो. रोज सकाळी तो किती वाढला हे मी वितीने मोजते. ज्याला आपण संध्याकाळी स्वतःच्या हाताने पराग दिले, तो दुधी बाजारातून आणलेल्या दुधीसारखा नुसता चिरता येत नाही. तो कोणाला तरी द्यावासा वाटतो. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आले आहे की गच्चीत पिकवणाऱ्या माणसाला खाण्यापेक्षा देण्याची ओढ अधिक असते. चार वांगी आली तर दोन शेजारी जातात, कढीपत्ता तर इमारतभर जातो.

एप्रिलच्या सुरुवातीला आलेले पहिले तीन दुधी अतिशय गोड निघाले. पहिल्याची भाजी चणाडाळ घालून, दुसऱ्याचे कोफ्ते, तिसऱ्याचा हलवा. मग आम्ही चार दिवस गुहागरला गेलो. जाताना मी ड्रमांत पाण्याच्या बाटल्या झाकणाला भोक पाडून उलट्या खोचून ठेवल्या होत्या. ते चार दिवस पुण्यात भर उन्हाळ्याचे होते, पारा चाळिसाला टेकलेला, आणि उन्हाळ्यातला भरात आलेला दुधीचा वेल एका दिवसात जेवढे पाणी ओढतो तेवढे त्या बाटल्यांना चार दिवस पुरवायचे होते. परत आले तेव्हा मांडवावर ओल्या फडक्यांसारखी पाने लोंबत होती. मी सामान दारात टाकून आधी वर धावले. पाणी घातल्यावर तासाभरात पाने सावरली, संध्याकाळी नेहमीसारखी फुले उमलली, आणि मला वाटले की निभावले. वेलावर त्या वेळी दोन दुधी अर्धे वाढलेले होते. पुढच्या चार-पाच दिवसांत ते वाढून काढणीला आले. दिसायला ते आधीच्या तिघांसारखेच होते. एक काकूंना गेला, एक आमच्या घरी राहिला.

पुढे मी याविषयी जेवढे मिळेल तेवढे वाचले, जाणत्यांना विचारले. काकडी, दुधी, दोडका, पडवळ, भोपळा या सगळ्यांच्या अंगी कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये तयार करण्याची क्षमता असते. किडे आणि जनावरे यांपासून वाचण्याची ती त्यांची स्वतःची सोय. रानातल्या त्यांच्या भाऊबंदांत ती भरपूर असते. आपल्या ताटातल्या जातींत ती जवळजवळ नसते, पण नाहीशी झालेली नसते. पाण्याची ओढ, कडक ऊन, निकस माती असा ताण वेलावर पडला की ती पुन्हा वाढू शकते, आणि शेजारच्या कडू जातीशी संकर झालेले बी पेरले तरीही वाढते. माझे पहिले तीन गोड निघाले होते, म्हणून बियाण्यावर ढकलता येत नाही. मी त्या चार दिवसांपाशी येऊन थांबते. शिजवल्याने हा कडूपणा जात नाही, साखर-मिठाने झाकला तरी पोटात जायचा तो जातोच. त्याने उलट्या होतात, आतड्यांना इजा होऊन रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब कोसळतो. त्यावर उतारा असे औषध नाही. त्रास होईल तसे सावरून धरायचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. २०१८ च्या जूनमध्ये पुण्यातच कडू दुधीचा रस प्यायल्याने एका महिलेचा मृत्यू झाल्याची बातमी आली होती. ती मी तेव्हा वाचली होती, हळहळले होते आणि पान उलटले होते. त्याच्याही आधी अशा घटनांनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट सांगितलेले होते की रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखावा, कडू लागला तर संपूर्ण दुधी फेकून द्यावा, आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, अस्वस्थता वाटली तर लगेच रुग्णालय गाठावे. त्या बातम्या रसाच्या होत्या, म्हणून रस पिणाऱ्यांच्या आहेत असे मी समजत होते. काकूंनी रस नव्हे, पोळीशी अर्धी वाटी भाजी खाल्ली होती. आणखी चार घास खाल्ले असते तर, हा विचार मी पूर्ण करू शकत नाही.

खरे तर हे मला कोणत्याही समितीने सांगण्याची गरज नव्हती, कारण मी आजीच्या स्वयंपाकघरात वाढले होते.

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याला मागे परस होते. न्हाणीघराचे पाणी जिथून वाहत जायचे तिथे अळू, त्याच्या कडेला कर्दळ, विहिरीच्या काठाशी कढीपत्ता आणि एक शेवगा, आणि पावसाळ्यात कौलांवर चढवलेला दुधीचा वेल. त्याला कोणी बाग म्हणत नसे. ते 'मागचं' होते. "मागचं जरा अळू काढून आण" इतकेच. आजीचे सोवळे कडक होते. नैवेद्य दाखवेपर्यंत कशाचीही चव घ्यायची नाही. आमटीत मीठ पडले की नाही हे ती वासावरून आणि उकळीच्या रंगावरून सांगायची, आणि ते कधी चुकल्याचे मला आठवत नाही. त्या स्वयंपाकघरात चाखण्याला एकच मुभा होती, आणि ती काकडीला आणि दुधीला. विळीवर बसून ती आधी देठाकडची पातळ फोड काढायची, मग मधली, मग शेवटाकडची. पहिली स्वतःच्या जिभेला लावायची, दुसरी माझ्या. काकडी असेल तर देठाचा तुकडा कापून त्याच जागी गोल गोल घासून फेस काढायची, पण फेस काढला म्हणून चाखायचे टाळायची नाही. एकदा मी विचारले होते, "हे उष्टं नाही का होत?" तेव्हा तिने विळीवरून नजर न काढता सांगितले, "कापून वेगळी काढलेली फोड उष्टी होत नाही. आणि देवाला कडू घालण्यापेक्षा उष्टं परवडलं." मला आठवते, एका पावसाळ्यात तिने कौलावरचा भला मोठा दुधी एका फोडीवर पारखला, तोंड वाकडे केले, परसात जाऊन थुंकली आणि तो अख्खा दुधी खड्ड्यात पुरून वर माती लोटली. "गाईला घालू या की," असे कोणीतरी म्हणाले, तर म्हणाली, "गाईनं काय पाप केलंय?"

हे सगळे पाहिलेली मुलगी मोठी झाली, तिने गच्चीवर ड्रम लावले, आणि तिने एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला सांगितले की डोळे झाकून खा.

असे का झाले असावे याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक कारण कदाचित बाजार असेल. मंडईत दुधी घेताना आपण नख लावून पाहतो, कोवळा की जून तेवढे कळते, आणि भाजीवाली मावशी "नख नका लावू ताई, डाग पडतो" असे म्हणते. वर्षानुवर्षे तिथला दुधी गोडच निघतो, कारण ठरावीक वाणाचे बी पेरले जाते, पाणी वेळेवर दिले जाते. मग जीभ लावण्याची सवय मोडते. पण मोठे कारण माझ्या मनात होते, आणि ते सांगताना जड जाते. घरी पिकवणारे आम्ही एकमेकांशी बोलताना 'विषमुक्त' हा शब्द फार वापरतो. फवारणी नाही म्हणजे विष नाही, असे आम्ही धरून बसलो आहोत. बाहेरून येणाऱ्या विषावर मी इतकी नजर ठेवली की झाड स्वतःही काही तयार करू शकते हे विसरून गेले. खरे पाहता स्वयंपाकघरात याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी रोज समोर असतात. उन्हात राहून हिरवा पडलेला बटाटा आपण बाजूला काढतो, अळू चिंचेशिवाय शिजवत नाही. अळू खाजते, ते घशाला लगेच कळते म्हणून विसरता येत नाही. दुधी वर्षानुवर्षे बिनबोभाट गोड लागतो आणि म्हणून त्याच्याकडे लक्ष राहत नाही.

या कडूपणाविषयी मला राग मात्र धरता येत नाही. दुधी मूळचा आफ्रिकेतला, आणि माणसाने जवळ केलेल्या सर्वांत जुन्या वनस्पतींपैकी एक. भाजी होण्याच्या कितीतरी आधी तो भांडे होता. कडू भोपळ्याची कवटी जाड आणि टणक. तिचे कमंडलू झाले, पाणी साठवायचे तुंबे झाले. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधायचा भोपळाही तोच. माझे काका नदीत असेच शिकले होते. मिरजेच्या कारागिरांच्या हातून जो तंबोरा घडतो त्याचाही भोपळा कडू जातीचा, पंढरपूरकडून येणारा. त्याच्या कडूपणामुळे त्याला कीड लागत नाही, असे तिथले कारागीर सांगतात. तीर्थयात्रेला निघालेल्या मंडळींबरोबर पाठवलेला कडू भोपळा सगळ्या नद्यांत बुचकळूनही कडूच परत आला, ही गोष्ट मी लहानपणी कीर्तनात ऐकली आणि इतरांबरोबर हसले. आता ऐकते तेव्हा हसू येत नाही. त्या रानटी कडू फळातून एखादे कमी कडू निघाले असेल, कोणीतरी ते जिभेला लावले असेल, त्याचे बी राखले असेल, पुढच्या साली पुन्हा चाखले असेल. हजारो वर्षे बायका-पुरुषांनी, कोणाचे नाव कुठे न राहता, फोडी चाखून थुंकत थुंकत हा सौम्य, पाणीदार, आजाऱ्यालाही चालणारा दुधी घडवला आहे. आजी विळीवर बसून तेच काम करत होती. मी ते माझ्यापाशी येऊन थांबू दिले.

तो वेल मी उपटला नाही. वाचल्यावर वाटले होते की उपटावा, पण हात झाला नाही. मे महिन्यात पाणी सकाळ-संध्याकाळ देऊन, मुळाशी चिपाडाचे जाड आच्छादन घालून मी आणखी दोन दुधी काढले. दोन्हींच्या तीन-तीन फोडी चाखल्या, दोन्ही गोड निघाले, आणि तरीही मी कोणालाही दिले नाहीत. भाजी करून आम्हीच खाल्ली. शेजारच्या दारांवरून कढीपत्त्याची जुडी घेऊन जातानाही पाय थबकायला लागले होते. काकूंशी बोलणे नेहमीसारखे होते, त्यांनी एका शब्दाने कधी काढले नाही. पण त्या पुढच्या काही महिन्यांत मी एक गोष्ट पाहिली आणि ती मला आजारापेक्षाही जास्त टोचली. त्या जेवताना विचारायला लागल्या होत्या. "जरा बघ गं, आमटी आंबलीय का?" "हे दूध ठीक आहे ना? मला नीट कळत नाही हल्ली." पन्नास वर्षे ज्या बाईच्या हातच्या चवीची सगळ्या इमारतीत ख्याती, जिने मला पुरणाचे प्रमाण डोळ्यांनी मोजायला शिकवले, ती स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवायला घाबरत होती. वास्तविक त्या रात्री तिच्या जिभेने अचूक सांगितले होते, पहिल्याच घासाला. खोटे ठरवले ते माझ्या "डोळे झाकून खा"ने. हे मी त्यांना सांगण्याचा प्रयत्न केला. त्यांनी मान हलवली, पण ऐकले असे वाटले नाही.

या फेब्रुवारीत मी पुन्हा 'सम्राट'च्या बिया लावल्या, ताज्या पाकिटातल्या. एप्रिलमध्ये बाहेरगावी जायचे नाही हे आधीच ठरवून टाकले. मार्चच्या अखेरीस संध्याकाळी सात वाजता फूल फिरवले, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला दुधी उतरवून, ताट, सुरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन मी खाली गेले. काकू स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून कोथिंबीर निवडत होत्या. दुधी पाहून त्यांचा हात थांबला. मी काही बोलले नाही. त्यांच्यासमोर बसून आधी देठाकडची फोड काढली, पातळ, पलीकडचे बोट दिसेल इतकी. मग मधली, मग शेवटाकडची. तिन्ही मी जिभेवर ठेवल्या, चावल्या, वाट पाहिली. दुधीच्या कच्च्या फोडीला काकडीच्या जवळची, थंड, किंचित हिरवी चव असते आणि मागून अगदी हलका गोडवा येतो. तो आला. तरीही मी गप्प राहिले आणि देठाकडची आणखी एक फोड कापून ताटाच्या कडेला, त्यांच्या बाजूला ठेवली.

काकूंनी कोथिंबिरीचा हात पदराला पुसला. फोड उचलली, उजेडाकडे धरून पाहिली आणि तोंडात टाकली. डोळे मिटून त्या बराच वेळ चावत राहिल्या. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करण्याचा प्रयत्न करत होते, तिचा आवाज आला आणि थांबला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि मला विचारतील या भीतीने नजर खाली ठेवायचा प्रयत्न करत होते.

त्यांनी मला विचारले नाही. डोळे उघडून त्या म्हणाल्या, "गोड आहे," आणि मग कोथिंबिरीची जुडी पुन्हा पुढे ओढत, "डब्यात चणाडाळ आहे बघ, वरच्या फळीवर. मूठभर भिजत घाल."